वीतभर भिंत

१

जुलैच्या त्या दिवशी काय काय करायचं हे आता इतकं ठरून गेलंय, की मला घड्याळ बघावं लागत नाही. सकाळी माझे सासरे तयार होऊन उभे असतात, विल्फ टिनियन. बूट चकचकीत, गळ्यात काळा टाय. आम्ही दोघं चालत समुद्राकडच्या हिरवळीवर जातो. तिथे युद्धस्मारकाचा दगड आहे. दोन्ही महायुद्धांत गेलेल्यांची नावं वरपासून खालपर्यंत, खाऱ्या वाऱ्यानं बुजत आलेली. त्यांच्याखाली थोडी जागा सोडून एकच नाव, अक्षरं अजून धारदार. ई. टिनियन. त्याच्याही खाली दगड कोरा ठेवलाय, हे दरवर्षी माझ्या नजरेला येतं आणि दरवर्षी मी मान फिरवते.

विल्फ करंगळीच्या नखानं अक्षरांतली माती काढतात. मग घरी येऊन मी चहा टाकते. चार माणसं येतात, हॅमची सँडविचेस आणि जिंजरब्रेड खातात, एवनच्या जुन्या गमती सांगतात. ती गेली की विल्फ जिना चढतात, मागच्या खोलीचं दार उघडतात, आत जरा उभे राहतात आणि खाली येऊन म्हणतात, "काम अर्धं टाकून गेला, गाढव."

एवन माझा नवरा. धंद्यानं रंगारी, बापासारखाच. आठवडाभर लोकांच्या भिंती रंगवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी गणवेश चढवून लष्कराच्या राखीव दलाच्या कवायतीला जायचं. पबमध्ये त्याला 'रविवारचा सरदार' म्हणायचे. अफगाणिस्तानात जायचं बोलावणं आलं तेव्हा कुणीतरी ओरडलं होतं, "सरदार, तिकडे रविवार असतो का रे?" एवननं सगळ्यांना बिअर पाजली आणि म्हणाला, "नसला तर घेऊन जातो."

निघायच्या आदल्या दिवशी तो मागची खोली रंगवत होता. आधीच्या मालकानं तिला गुलाबी रंग दिला होता, औषधाच्या गोळीसारखा. एवननं त्यावर राखाडी-हिरवा निवडला. ओहोटी लागली की आमच्या सॉल्वेच्या खाडीतली दलदल जशी दिसते, तो. तीन भिंती झाल्या. चौथी, दारासमोरची, डावीकडून सुरू केली आणि मध्यावर आल्यावर अंधारलं. रोलरची वेडीवाकडी कड तशीच ठेवून तो खाली आला.

"याला कुणी हात लावायचा नाही," तो म्हणाला. "बाबांनी तर मुळीच नाही. ही भिंत पुरी झाली की मी घरी. मग कुठे जायचं नाव नाही."

पुढच्या उन्हाळ्यात हेलमंडमध्ये, पायी गस्त घालताना, रस्त्यात पुरलेल्या सुरुंगावर त्याचा पाय पडला. पेटी घरी आली. ती उघडू नका, असं आम्हाला फार मायेनं सांगण्यात आलं. आम्ही उघडली नाही.

२

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. डोळे कसे फसवतात हे मला रोज दिसतं. माणसं न दिसणारं अक्षर छातीठोकपणे वाचून दाखवतात, समोरचं सोडून देतात. म्हणून त्या दिवशी मी स्वतःवर आधी विश्वास ठेवला नाही.

एवनला जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मार्च महिना, दुपार. मी मागच्या खोलीत बॅग आणायला गेले होते. खोली बंदच असायची, जुन्या वस्तू ठेवण्यापुरती. बॅग उचलताना समोरच्या भिंतीवर खाली प्लगची जागा दिसली. पांढरा चौकोन आणि त्याच्याभोवती राखाडी-हिरवा रंग.

मी बॅग खाली ठेवली.

त्या प्लगपाशी गुलाबी रंग होता. व्हॅक्यूम क्लीनर मी तिथेच लावायची, वायर घासून गुलाबी भिंतीवर काळा ओरखडा पडला होता. त्या ओरखड्यावरून एवन मला चिडवायचा. आता ओरखडा नव्हता. रंगाची वेडीवाकडी कड प्लगच्या पुढे, चांगली हातभर पुढे गेली होती.

मी स्वतःला समजावलं. आठवण म्हणजे काही फोटो नव्हे. खिडकी उजव्या टोकाला आहे, उजेड आडवा येतो, तिरप्या उजेडात कडा सरकल्यासारख्या वाटतात. मग खरोखरचा फोटो शोधला. निघायच्या आदल्या दिवशीचाच, भिंतीपुढे उकिडवा बसलेला एवन, नाकाला रंग, जीभ बाहेर. प्लग नेमका त्याच्या डोक्यामागे झाकला गेला होता.

बराच वेळ मी तो फोटो उजेडात तिरका धरून बसले. जणू त्याचं डोकं थोडं बाजूला होईल.

३

दुसरा विचार विल्फचा आला. त्यांच्याकडे आमच्या घराची किल्ली होती. एकुलता एक मुलगा गेलेला म्हातारा रंगारी हळूच येऊन मुलाची भिंत हातहातभर पुढे नेत असेल, तर त्यात भुताखेताचं काय? मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं.

मी त्यांच्या घरी गेले. ते स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते.

"विल्फ, तुम्ही मागची खोली रंगवता का? मी रागावणार नाही."

"कुठली मागची?"

"तुम्हाला माहितेय कुठली."

त्यांनी सुरी खाली ठेवली. "पोरी, तो सांगून गेलाय हात लावू नका म्हणून. तो जिवंत असताना मी त्याचं एक ऐकलं नाही, निदान हे तरी ऐकू दे." मग त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. हात थरथरत होते, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखे. "आणि या हातांनी? मी आता कपातला चहा ओठांपर्यंत नेतो तेच नशीब. बटाट्याची निम्मी साल माझ्या अंगठ्याची असते."

तरी ते माझ्याबरोबर आले. खोलीत शिरताच ते थेट भिंतीशी गेले, गाल जवळजवळ भिंतीला टेकवून खिडकीच्या उजेडात आडवं बघितलं. मग तळहातानं, झोपलेल्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा, जुन्या रंगावरून नव्या रंगाकडे हात फिरवत गेले.

"सांधा नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"वाळलेल्या रंगाला पुढे ओला रंग जोडला ना, की शिवण दिसते. कितीही चांगला कारागीर असो. इथे शिवण नाही. हे सगळं एका दमात मारलंय. ओल्याला ओलं लावत."

"पण विल्फ, अर्धी भिंत मध्ये वर्षानुवर्षं वाळलेली होती."

"हो ना," ते म्हणाले. रंगाचा जुना डबा कोपऱ्यात होता. त्यांनी झाकण उचकटलं. आत रबरासारखा सुकलेला गोळा.

खाली आल्यावर त्यांनी कोट घालता घालता विचारलं, "वास येतो का कधी?"

मी नाही म्हटलं. ते खरंही होतं, तेव्हा.

४

मग डंकन आला. डंकन फिअरन, बंदरावरच्या पिठाच्या गिरणीत पाळीनं काम करतो. भुवयांत पीठ घेऊन चष्मा करायला दुकानात आला होता. मी त्याला म्हटलं, "नंबर नाहीये तुम्हाला, तोंड धुवा." तिथून सुरू झालं. विल्फना सांगायला मी घाबरत होते. त्यांनी डंकनला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "शिडी धरता येते का?" डंकन म्हणाला, येते. "मग ठीक," विल्फ म्हणाले.

डंकनला मी भिंतीबद्दल सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? की एक रंग पुढे सरकतोय, केस वाढावेत तितका हळू? वर्षातून दोनदा-तीनदा मी दार उघडून बघायची. गुलाबी भाग अरुंद होत चालला होता. आधी दोन माणसं शेजारी उभी राहतील इतका. मग एक माणूस.

मला दिवस गेले त्या वसंतात डंकन म्हणाला, "मागची खोली बाळाला करू. मी रंगवतो."

"नको. अजून नको."

"हेदर, माझं त्याच्याशी काही भांडण नाही. चांगला माणूस होता तो, गाव सांगतं. मला फक्त पाळणा ठेवायला जागा हवीय."

"पाळणा आपल्या खोलीत मावेल."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग मान डोलावली. डंकन असा आहे.

त्या दिवसांत मला दुपारी फार झोप यायची. जेवण झालं की सोफ्यावर आडवी व्हायची आणि अर्धवट झोपेत तरंगत राहायची. खाडीतलं पाणी दूर गेलेलं असायचं, इतकं दूर की पलीकडचे स्कॉटलंडचे डोंगर वाळूवरच ठेवल्यासारखे दिसायचे. लाल चोचीचे पक्षी चिखलावरून ओरडत जायचे, गिरणीची घरघर असायची. आणि त्या सगळ्याच्या खाली, नाहीतर वर, आणखी एक आवाज. ओल्या रस्त्यावरून सायकल जावी तसा. वर जायचा, खाली यायचा. वर, खाली. मग थोडा थांबायचा, आणि पुन्हा.

त्या झोपेत मला आवाजाचं काही वाटायचं नाही. उलट बरं वाटायचं. घरात कुणीतरी कामात आहे, आपण निजून राहायला हरकत नाही. एवन रविवारी सकाळी काम काढायचा तेव्हा अशीच मी पडून राहायची. मधला तो थांबा कसला हेही झोपेत मला माहीत असायचं. रोलर ट्रेमध्ये बुडवून निथळायला लागतो तेवढा वेळ.

एकदा चहा गाळताना, पूर्ण जागी असताना, रंगाचा वास आला. जिन्यावरून खाली येत होता, ओला, थंड, किंचित गोडसर. मी गाळणं हातात धरून उभी राहिले आणि पहिल्यांदा पुढचा विचार केला. ही भिंत पुरी झाली की मी घरी, असं तो म्हणाला होता.

मी एवनसाठी इतकी रडले होते की शेजारीण भिंतीवर टकटक करून विचारायची, काही हवंय का. आणि आता पोटावर हात ठेवून मी मनात म्हणत होते, नको, येऊ नकोस. हे कुणाला सांगायचं?

५

त्या जुलैत चहाला एक नवा माणूस आला. हॅरिस, एवनच्या तुकडीतला, तोही राखीव दलाचाच, एरवी बस चालवणारा. इतकी वर्षं त्याला यायचं धाडस झालं नव्हतं. सँडविच हातात घेऊन बसला होता, खात नव्हता. बाकीची माणसं गेली तेव्हा आम्ही चौघं उरलो. मी, विल्फ, डंकन आणि तो.

"तिकडे दुपारी काही करता यायचं नाही," हॅरिस म्हणाला. "ऊन इतकं, की बंदुकीला हात लागला तरी भाजायचं. आम्ही मातीच्या भिंतीला टेकून पडायचो. टिनियन मात्र भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि नुसता हात वर-खाली करायचा. असा." त्यानं हवेत हात फिरवला. वर, खाली, थोडं थांबून पुन्हा. "आम्हाला वाटलं उन्हानं गेला कामातून. मी विचारलं, काय करतोस रे? म्हणाला, घरची भिंत रंगवतोय."

डंकन हसला. विल्फ हसले नाहीत.

"रोज सांगायचा कुठवर आलं ते. आज प्लगपर्यंत आलो. आज बायकोचा ओरखडा झाकला, आता बोलेल ती. आम्हालाही नाद लागला. संध्याकाळी विचारायचो, टिनियन, भिंत कुठवर आली?" हॅरिसनं सँडविच बशीत ठेवलं. "त्या दिवशी सकाळी निघताना म्हणाला, खिडकीपाशी वीतभर राहिलीय. परत आलो की पुरी करतो."

मी विल्फकडे बघितलं. त्यांचे हात मांडीवर होते आणि नेहमीसारखे थरथरत होते, पण चेहरा मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता तसा झाला होता. उजळलेला. ते उठले आणि जिना चढून गेले. या वेळी दार लावल्याचा आवाज लवकर आला नाही.

सगळे गेल्यावर मीही वर जाऊन बघितलं. खिडकीच्या चौकटीला लागून, जमिनीपासून छतापर्यंत, गुलाबी रंगाची एक पट्टी उरली होती. मी हात पसरून मोजली. वीतभर.

६

पुढच्याच आठवड्यात, डंकन गिरणीवर गेला असताना, विल्फ दारात उभे राहिले. हातात नवा रोलर, ट्रे आणि रंगाचा छोटा डबा. समुद्रावरून धुकं आत आलं होतं, त्यांच्या मागे रस्ता दिसत नव्हता.

"तेवढं मला करू दे, पोरी."

"तुम्हाला हात लावायचा नाही म्हणालाय तो."

"तो दमला असेल. एवढी वर्षं एकटा करतोय. शेवटच्या हाताला बापानं मदत केली तर काय बिघडलं?"

"आणि तो आला तर?"

"तर काय? त्याचं घर आहे."

"विल्फ, माझ्या पोटात डंकनचं मूल आहे."

"ते मी समजावीन त्याला. शहाणा आहे तो. चिडेल थोडा, बाहेर जाऊन एक चक्कर मारून येईल. डंकनशी जमेल त्याचं, बघ तू." हे सगळं ते इतक्या साधेपणानं बोलत होते, जणू एवनला गाडी मिळाली की नाही एवढाच प्रश्न होता.

मग मला जे बोलायचं नव्हतं ते मी बोलले. "आपण पेटी उघडली नव्हती, विल्फ."

त्यांचं तोंड हललं. डब्याची कडी खुळखुळली. ते म्हणाले, "माझा मुलगा आहे. जसा असेल तसा."

मी बाजूला झाले. माझ्यात त्यांना अडवायची ताकद नव्हती, असं म्हणता येईल. खरं तर त्या चेहऱ्याला नाही म्हणणं मला जमलं नाही.

त्यांनी आतून दार लावलं. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज. रंग ओतल्याचा. मग रोलर, अडखळत, थांबत, थरथरत्या हाताचा. वर जाताना दोनदा घसरायचा. मी कठडा धरून ऐकत होते.

थोड्या वेळानं दुसरा रोलर सुरू झाला.

लांब, सरळ, न अडखळणारा. वर, खाली. दोन्ही आवाज एकमेकांच्या मधून जात होते. मी स्वतःला सांगितलं, म्हाताऱ्याचा हात कामाला बसला, जुनी सवय परत आली, बंद खोलीत आवाज घुमतोय. पण आत विल्फ बोलत होते. भिंत रंगवताना माणसं बोलतात तसं, मान न वळवता, तुटक. फुटबॉलचं काहीतरी. कुणाच्या तरी छपराचं. एकदा हसले. उत्तर ऐकायला थांबावं तसे मधून मधून थांबत होते. उत्तर मला ऐकू आलं नाही. त्या थांबण्यात फक्त लांब रोलर फिरत होता.

मग तोही थांबला.

आणि विल्फ ओरडले, "नको!"

मी उठले, कठडा धरूनच. आत अजिबात आवाज नव्हता. मग विल्फचा आवाज पुन्हा आला, अगदी हलका. काय बोलले ते कळलं नाही. दाराची मूठ फिरली आणि ते पाठमोरे बाहेर आले. पाळण्यातलं मूल नुकतं निजल्यावर आपण निघतो तसे, आत बघत, एक एक पाऊल मागे टाकत. त्यांच्या खांद्यावरून मला खोली दिसली, दार लागेपर्यंत. ओली चमकणारी भिंत. खिडकीत पांढरं धुकं. आणि त्या पांढऱ्यापुढे, पट्टीकडे तोंड करून, एक मान. बारीक कापलेले केस, त्यांवर रंगाचे ठिपके. एवढंच. धुक्याचा उजेड असेल. मी दिवसाला वीस माणसांना सांगते, की उजेडाकडे बघून नजर हटवली की डाग दिसतो.

खाली स्वयंपाकघरात मी नळ सोडला आणि विल्फचे हात माझ्या हातात घेऊन धुतले. हिरवं पाणी सिंकमध्ये फिरत खाली गेलं.

"झाली पुरी?" मी विचारलं.

"नाही. राहू दिली."

"का?"

ते नळाकडे बघत राहिले. "पाठीकडून तसाच आहे गं. अगदी तसाच. खांदा थोडा वर करून काम करतो, मी किती वेळा ओरडलो त्याच्यावर त्यासाठी. बोलता बोलता एक बोट राहिली असेल जागा. मी म्हटलं, झालं की रे. तेव्हा तो वळायला लागला." त्यांनी हात माझ्या हातांतून सोडवून घेतले. "थोडासाच वळला. कान दिसेल इतका. आणि मीच म्हटलं, नको. वळू नकोस, पोरा. मीच."

"काय दिसलं?"

"विचारू नकोस."

मी किटली चढवली. आम्ही टेबलाशी समोरासमोर बसलो. आणि वर, आमच्या डोक्यावर, कुणीतरी चाललं. खिडकीपासून दारापर्यंत, हळू, पाय नीट टेकत नसल्यासारखं. माझ्या खुर्चीवरून उघड्या दारातून जिना दिसतो, आणि जिन्याच्या वरच्या टोकाला मागच्या खोलीचं दार. त्याची पितळी मूठ हळूच फिरली.

विल्फ उठले. जिन्याच्या पायथ्याशी गेले, कठड्यावर हात ठेवला आणि वर तोंड करून, सगळी हयात कामावर पोरांना हाक मारली असेल त्या आवाजात म्हणाले, "बस झालं रे आजच्यापुरतं! राहू दे ते. उद्या बघू."

मूठ तशीच राहिली. मग परत फिरली. पावलं खिडकीकडे गेली.

विल्फ येऊन बसले. त्यांचा चहा मी अर्धाच भरला, सांडू नये म्हणून. त्यांनी तो तसाच थंड होऊ दिला.

७

ऑक्टोबरात मला मुलगी झाली. मेरियल नाव ठेवलं. विल्फनी रम घातलेलं गोड लोणी आणलं, इकडे बाळ झालं की करतात ते, आणि महिन्याभरात स्वतःच आमच्या घरी राहायला आले. गावाला वाटतं नातीच्या ओढीनं आले. तेही खरं आहे. ती त्यांच्या रक्ताची नाही हे ते विसरून गेलेत. पण त्यांची खुर्ची जिन्याच्या पायथ्याशी असते आणि दुपारी ते घराबाहेर पडत नाहीत. डंकननं एकदा घर विकायचा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "आणि येणाऱ्यांना काय सांगणार? वर माणूस कामाला आहे म्हणून?" डंकनला वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट होत चाललाय. त्यानं विषय सोडून दिला.

पट्टी एका बोटाएवढी उरलीय. मी बघितली नाही. विल्फनी सांगितलं तेवढंच. आठवड्यातून एखाद्या दुपारी वरून पावलं दाराशी येतात, विल्फ खुर्चीतून न उठता हाक मारतात आणि पावलं परत जातात. मेरियल अंगणात खेळत असली तर तिला वाटतं आजोबा तिलाच हाक मारतात. ती उत्तर देते, "आणखी थोडं!"

गुरुवारी विल्फच्या छातीत कफ भरला, त्यांना हॉस्पिटलात नेलं. जाताना त्यांनी माझं मनगट धरलं होतं, पण तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, त्यांना बोलता आलं नाही. आज जेवण झाल्यावर डंकन मेरियलला घेऊन त्यांना भेटायला गेलाय. मी डोकं दुखतंय म्हणून मागे राहिले. घर रिकामं सोडून जायची माझी छाती झाली नाही.

त्यांच्या खुर्चीत बसलेय. बाहेर पाणी खूप दूर गेलंय, उन्हात सगळी वाळू पांढरी झालीय आणि मला झोप येतेय, त्या वर्षी यायची तशीच. सकाळपासून मी विल्फचे शब्द मनात घोळवतेय. तेवढेच शब्द, तोच सूर. आवाज मात्र माझाच निघतो.

वर लांब रोलर थांबलाय. पावलं खिडकीपासून निघालीत.

बापाची हाक ऐकून तो काम तसंच ठेवून परत फिरतो. पण बायकोची हाक त्यानं इतक्या वर्षांत ऐकलेली नाही. मी हाक मारली तर तो परत फिरणार नाही. तो खाली येईल.

मूठ फिरतेय. मी तोंडावर हात घट्ट दाबून बसलेय.